सासऱ्यांच्या गाडीचे नवे ब्रेक

सासऱ्यांनी आपली जुनी गाडी दिली तेव्हा जावईबापूंना वाटलं, केवढा हा विश्वास. (दुसरं कुणी घेईना, हे मागाहून कळलं.) गाडी म्हातारी पण देखणी, फक्त थांबायची स्वतःच्या मर्जीने. पुढच्या चौकात थांबायचं तर मागच्या चौकातच ब्रेकवर उभं राहावं लागे. एकदा ती सासऱ्यांसकट चपलांच्या दुकानात शिरली. तेव्हापासून ते तिच्यात बसले नव्हते. गॅलरीतून नुसते तिच्याकडे बघत राहायचे. ते बघणं जावईबापूंना बघवेना. त्यांनी ठरवलं, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचे. तेही स्वतः.

"मेकॅनिककडे द्या ना," बायको म्हणाली.

"चार बोल्ट तर आहेत."

त्या चार बोल्टांनी महिनाभराचे रविवार खाल्ले, नखं खाल्ली, नवी पँटही खाल्ली. शेवटी ब्रेकच्या तेलाच्या नळीतली हवा तेवढी काढायची राहिली. बायको पेडलवर, जावईबापू चाकाशी आडवे.

"दाब. आता मी सांगेपर्यंत धरून ठेव."

तेवढ्यात गॅलरीतून सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, थंड काय घेणार?"

"सोडा."

बायकोने पेडल सोडलं. तासभर खपून काढलेली हवा सुर्रकन परत आत गेली.

"मला वाटलं, मलाच म्हणताय," ती म्हणाली. "बरंही वाटलं. कधी नव्हे ते अहोजाहो."

अखेर काम झालं. सासरे ठेवणीतला कोट घालून पुढे बसले, दाराची कडी घट्ट धरून; बायको मागे. पहिल्याच कोपऱ्यावर जावईबापू जुन्या सवयीने दोन्ही पायांनी ब्रेकवर उभे राहिले. गाडी जागच्या जागी खिळली. सासऱ्यांचा चष्मा एका कानाला लोंबला. इंजिनाने मान टाकली.

"थांबली," सासरे हळूच म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते.

थांबली ती मात्र कायमची. किल्ली फिरवून बोटं दुखली, इंजिन ढिम्म. मग सासऱ्यांना स्टिअरिंगवर बसवून नवराबायको ढकलायला लागली. कोपऱ्यावरचा बेकरीवाला आला, त्याची गिऱ्हाइकं आली. जावईबापूंच्या घामाच्या धारा लागल्या, पण गाडी तसूभर हलेना. बायकोने खिडकीतून डोकावून पाहिलं.

"बाबा, पाय कुठे आहे तुमचा?"

"ब्रेकवर."

"अहो, काढा की."

"काढतो. पण एवढी माणसं लागली तरी हलत नाही, म्हणजे काम चोख झालंय. जावईबापूंना म्हणावं, आणखी थोडा जोर लावा. माझी अजून पुरती खात्री पटली नाही."