काळबांडे काकांची पांदण

आमच्या शेजारचे काळबांडे काका डांबरी रस्त्यावर पाय ठेवत नाहीत. ओलांडायची वेळच आली तर दोन्हीकडे बघतात, पायजमा घोट्याच्या वर धरतात आणि नाला पार करावा तसे तीन ढांगांत पलीकडे जातात. बोरगाव मेघेतल्या आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, तेव्हा पेढे फक्त त्यांनी वाटले. "सिमेंट चालते," ते म्हणाले. "डांबर नाई."

एवढं वाकडं असायला डांबरानं त्यांचं केलं तरी काय, असं कोणालाही वाटेल. तर काका रस्त्याच्या कामावर मुकादम होते. तीस वर्षं त्यांनी जिल्हाभर डांबरच टाकलं. निवृत्तीच्या समारंभात त्यांना भाषण करायला सांगितलं, तेव्हा ते एवढंच बोलले, "तीस वर्सं तापलेल्या डांबरावर उभा राह्यलो. आता तुमी राहा." आणि खाली बसले.

तेव्हापासून ते पांदणीनं चालतात. पांदण म्हणजे दोन शेतांमधून जाणारी बैलगाडीची कच्ची वाट. अशा पांदणी एकमेकींना जोडत जोडत काकांनी वर्धा ते आष्टी असा स्वतःचा मार्ग काढला आहे. पाच टप्पे, पाच दिवस. संध्याकाळी जिथे पोचतील तिथून एसटीनं घरी, आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं परत तिथेच.

"पण काका, एसटी तर डांबरावरूनच जाते," मी एकदा म्हणालो.

"गाडी जाते. मी बसतो."

गेल्या थंडीत त्यांनी कंपाउंडवरून हाक मारली. "सर, शेवटच्या टप्प्याले येता काय? आर्वीच्या पुढून आष्टी. पाय मोकळे होतीन."

मी कॉलेजात भूगोल शिकवतो. नकार देणं बरं दिसलं नसतं. मी नवे बूट घेतले, पाठीवर घ्यायची पिशवी घेतली. त्या पिशवीतल्या पाण्याला एक नळी होती, चालता चालता ओढून प्यायची. सकाळी बसस्टँडवर काकांनी ती नळी बराच वेळ निरखली.

"हे काऊन? आजारी हाये काय तुमी?"

त्यांच्याकडे एक कापडी थैली आणि एक काठी होती. पायात रबरी चप्पल.

पहिल्या तासाभरातच माझ्या टाचेला फोड आला. मी सांगितलं. "हे तं काईच नाई," काका म्हणाले. हे त्यांचं सगळ्यावरचं औषध. तुरीच्या ओळीतून जाताना माझा शर्ट फाटला, तेही काईच नाई. एका शेतातलं कुत्रं अंगावर आलं, मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चढलो, तेही काईच नाई. "एकोणीस कुत्रे हायेत या रस्त्यानं. हे त्यातलं सगळ्यात गरीब."

मी मोबाईलवर नकाशा काढला. नकाशात आम्ही कुठेच नव्हतो. एका पांढऱ्या जागेत निळा ठिपका तेवढा लुकलुकत होता.

"काय म्हन्ते तुमचा मोबाईल?"

"इथे रस्ताच नाही म्हणतो."

"तो आल्ता काय इथं कधी?"

काका सकाळपासून अखंड बोलत होते. कोणत्या विहिरीचं पाणी गोड, कोणत्या पाटलानं पांदण नांगरून खाल्ली, कोणत्या संत्र्याच्या बागेतला राखणदार झोपाळू. कापूस वेचणाऱ्या बायका दुरून ओरडून त्यांची चौकशी करत होत्या, आणि ते तितक्याच जोरात उत्तरं देत होते. दुपार झाली तरी त्यांचा घसा बसला नव्हता. माझे कान बसले होते.

आष्टी तासाभरावर आली असेल, तेव्हा आम्ही एका अरुंद पांदणीत वळलो. दोन्ही बाजूंनी बाभळी वाटेवर झुकल्या होत्या. काका बोलायचे थांबले. त्यांनी थैलीतून विळा काढला आणि कामाला लागले. फांद्या छाटल्या, काटे वेचून बाजूला टाकले, वाटेतले दगड कडेला लोटले. खड्डा दिसला तिथे पायानं माती दाबली. तास गेला. मला वाटलं, मुकादमाची जुनी सवय.

"काका, एवढं कशाला?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पांदण संपत होती तिथे आंब्याखाली खाटेवर एक म्हातारा बसला होता. हातात काठी, डोळे उघडे, पण नजर कशावरच नव्हती.

"माहा मोठा भाऊ," काका माझ्या कानाशी पुटपुटले. "बोलत नाई आमी."

"का?"

"धुऱ्यावरून. हातभर जागा होती."

"किती वर्षं झाली?"

"त्याले दिसत होतं तवापासून."

"कोन हाये?" म्हाताऱ्यानं विचारलं. काकांनी मला कोपरानं ढोसलं.

"वाटसरू," मी म्हणालो. "आष्टीला चाललोय."

"एकटेच?"

काकांनी एक बोट दाखवलं. "हो, एकटाच," मी म्हणालो.

"पानी प्या. माठ हाये मांगं."

मी प्यायलो. मग काका प्यायले, आवाज न करता. म्हातारा तोंड आमच्याकडे करून बसला होता.

"तहान मोठी हाये तुमची," तो म्हणाला. "दोन मानसायची."

मी माठावर झाकण ठेवलं.

"ही पांदण कोनीतरी साफ करून जाते. मनून मी काठी टेकत वावरात येतो. पोट्टे म्हन्तात, सरकार करते." तो हसला. "सरकार कवा काटे येचते, बाप्पा?"

"नाही वेचत," मी म्हणालो.

"तो मानूस भेटला तं सांगजा त्याले. म्हना, उन्हाचं करत नोको जाऊ. साठी झाली त्याची." थोडं थांबून तो म्हणाला, "लहानपनापासून आयकत नाई."

काका रिकामा गिलास धरून उभे होते. म्हातारा काठीच्या आधारानं खाटेवर एका बाजूला सरकला. एका माणसापुरती जागा झाली. बऱ्याच वेळानं काका तिथे टेकले, अगदी कडेला.

मी उगाच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"जेवला काय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

पांदणीत वळायच्या आधीच आम्ही दोघं पोटभर जेवलो होतो.

"नाई," काका म्हणाले.