खाडेअण्णांचे कैलासवासी

मेलेले नातेवाईक एवढे उपयोगी पडतात, हे मला खाडेअण्णांनी शिकवलं. साताऱ्यातल्या आमच्या कॉलनीत रस्त्याकडेला सिमेंटचे पाच बाक आहेत. त्यांतले पहिले चार अनुक्रमे अण्णांचे वडील, आई, चुलते आणि एक मावशी यांच्या स्मरणार्थ. यांपैकी कुणीही हयातीत माण तालुका सोडून आमच्याकडे फिरकलेलं नव्हतं. मावशीला तर खुद्द अण्णांनी एकदाच, कुणाच्या तरी लग्नात पाहिलं होतं.

अण्णा सरकारी नोकरीत जन्मभर नगररचनेचे नकाशे काढत होते. अक्षर छापल्यासारखं आणि डोकं नकाशात अडकलेलं. आमच्या कॉलनीचा नकाशाही त्यांच्याच हातचा, त्यामुळे डोळ्यांना दिसतं त्यावर त्यांचा विश्वास नाही. गटारापाशी उभे राहून ते सांगतात, "हितं कडुलिंब हाय." कुठं आहे म्हणून विचारावं, तर "नकाशात हाय." याच न्यायानं आमच्याकडे बाग आहे, पोरांना मैदान आहे आणि दोन्ही बाजूंना फूटपाथ आहे.

जमिनीवरची गोष्ट निराळी. मैदानावर सभागृह झालं आणि त्याला कुलूप लागलं. फूटपाथवर प्रत्येकानं आपल्या गाडीसाठी फाटकापासून रस्त्यापर्यंत उतार बांधला. माझा सगळ्यांत लांब आहे. म्हणजे चालायचं ते भर रस्त्यातून, टेम्पो आणि कुत्री चुकवत, म्हणून कुणी चालतच नाही. दूध आणायलाही स्कूटर लागते. मग साखर वाढते, डॉक्टर चालायला सांगतात, आणि आमची मंडळी पहाटे गाडी काढून अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला जातात, तिथं चालतात आणि येताना भजी खातात. ज्याच्याकडे गाडी नाही त्यानं आजारी पडू नये, अशी एकंदर व्यवस्था आहे.

खाडेकाकी पडल्या. हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, दम लागला की बसा, पण घरात पडून राहिलात तर परत इथंच याल. काकींची मजल चाळीस पावलांची. पुढं बसावंच लागे, आणि बसायला जागा नव्हती. एकदा त्या कुणाच्या तरी उतारावर टेकल्या, तर आतून गाडीचा हॉर्न वाजला. त्या दिवसापासून त्यांनी उंबरा ओलांडला नाही. कोपऱ्यावरच्या घरात त्यांची मैत्रीण नलूकाकी राहते. रोज एकत्र बसून वाती वळणाऱ्या या दोघी मग फोनवर बोलू लागल्या. दोघींनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे तो संवाद सगळी कॉलनी ऐकते.

अण्णांनी सोसायटीच्या बैठकीत बाक मागितले. दर चाळीस पावलांवर एक, नलूकाकींच्या दारापर्यंत पाच. बैठकीनं एकमुखानं नाही म्हटलं. बाक आला की टवाळ पोरं बसणार, मग सिगारेटी, मग आपल्या मुलींना जाणंयेणं अवघड. माझ्या फाटकासमोर तर अजिबात नको, असं मी म्हणालो. मी सेक्रेटरी, ठरावही मीच लिहिला.

पंधरा दिवसांनी माझ्याच फाटकाशेजारी बाक उभा. तणतणत गेलो आणि पाठीवरची अक्षरं वाचली. कै. बाबू सखाराम खाडे यांच्या स्मरणार्थ. माझा आवाज जागीच उतरला. आपल्याकडे जिवंत माणसाला रस्त्यावरून खुशाल हाकलता येतं, मेलेल्याच्या नावाला हात लावायची मात्र कुणाची छाती होत नाही. बायकोनं तर भाजी आणायला जाताना बाकाला नमस्कार केला. अण्णा म्हणाले, वडिलांची लय इच्छा होती. वडिलांनी उभ्या जन्मात बाक पाहिला होता की नाही, देव जाणे.

मग महिन्याला एक पूर्वज येऊ लागला. काकी वडिलांपासून आईपर्यंत, आईपासून चुलत्यांपर्यंत सरकू लागल्या. रंग बराच सुधारला. पण मावशीपासून नलूकाकींचं फाटक अजून ऐंशी पावलं, त्यात चढ. काकी मावशीवर बसून कोपऱ्याकडे बघत राहायच्या आणि माघारी फिरायच्या. मधली जागा होती कॉलनीतल्या वकिलांच्या दारात. बिननावाचा बाक वकिलांनी तासाभरात उचलून फेकला असता, आणि खोटं नाव चालणार नव्हतं, कारण त्यांनी मावशीची चौकशी पार माणातल्या दहिवडीपर्यंत केली होती. अण्णांचे खरे पूर्वज तर संपले होते. आता कुणाला मारताय, असं मी चेष्टेनं विचारलं. अण्णा हसले नाहीत.

गेल्या आठवड्यात पाचवा बाक आला. वकिलांनी मला ओढतच नेलं. सुरेख अक्षरात लिहिलं होतं, कै. ज्ञानू बाबू खाडे यांच्या स्मरणार्थ. आणि ज्ञानू बाबू खाडे ब्रश घेऊन शेजारी उभे होते.

वकिलांना कायदा आठवेना. हे अभद्र आहे, असं मी म्हणालो. मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, हे अण्णांचं उत्तर. तेवढ्यात काकी आल्या, नवऱ्याच्या नावाला पाठ टेकून बसल्या, दम खाल्ला आणि उठल्या. चाळीस पावलं गेल्या आणि नलूकाकींच्या फाटकाची कडी वाजवली. आतून दोनदा "कोण हाय?" आलं. मग दार उघडलं आणि नलूकाकींनी हाताला धरून काकींना आत नेलं.

मला लाज वाटली आणि लाज वाटली की मी चिडतो. मी अण्णांना म्हणालो, सगळं ठीक, पण स्वतःचं नाव कशाला घातलंत?

अण्णा ब्रश पुसत राहिले.

"घरात दोनच नावं उरली हुती," ते म्हणाले. "आधी हिचंच लिवायला घेतलं. 'कै.' लिवलं, आन् हात फुडं जाईना."