एक बिघडलेली वस्तू हवी

शनिवारी सकाळी वहिनींनी घरातली धडधाकट इस्त्री स्वतःच्या हाताने बिघडवली, फडक्यात गुंडाळली आणि कपाटावर सरकवून दिली. सासूबाई दारात पहारा देत होत्या.

"झालं का गं?"

"झालं. आतली एक तार सोडवलीय. आता ही ढिम्म तापायची नाही."

"बघ हो बाई. मिक्सरचं काय झालं ते ठाऊक आहे ना?"

मिक्सरचं काय झालं ते न विसरण्यासारखंच होतं. वहिनींनी तो सोमवारी बंद पाडला, तर त्यांच्या यजमानांनी दात घासता घासता तो चालू करून दिला. मग वहिनींनी दारावरची बेल बिघडवली. संध्याकाळी यजमान आले, बटण दाबलं, आवाज नाही म्हटल्यावर दाराबाहेर उभं राहूनच बेल दुरुस्त केली, मग ती वाजवली आणि मगच घरात पाऊल टाकलं. यजमान म्हणजे गल्लीतले मिस्त्री. विजेवर चालणारी वस्तू बंद पडलेली दिसली की त्यांच्या बोटांना खाज सुटायची.

आणि वहिनींना तर नेमकी बंद पडलेलीच वस्तू हवी होती. गल्लीच्या टोकाला, जुन्या गोदामात, एक वस्ती केंद्र सुरू झालं होतं. घरात एकाच्या जागी दोन कमावते झाले तर संसाराची ओढाताण कमी होईल, असं तिथल्या मंडळींचं साधं सरळ म्हणणं. एका खोलीत मुलं अभ्यासाला बसायची आणि शेजारच्या खोलीत त्यांच्या आया घरगुती उपकरणांची दुरुस्ती शिकायच्या. आज परीक्षा होती. घरून एक बिघडलेली वस्तू न्यायची आणि शिकवणाऱ्या बाईंसमोर, कुणाचीही मदत न घेता, ती चालू करून दाखवायची. पास झालं की केंद्राच्याच वर्कशॉपमध्ये पगारी काम. मिस्त्रींचा धंदा पडला मोसमी. उन्हाळ्यात पंखे, थंडीत हीटर आणि मधल्या महिन्यांत हरी हरी. त्या मधल्या महिन्यांत लेकीच्या शाळेतून फीचा निरोप आला की वहिनी स्वयंपाकघरातले डबे उलटेपालटे करून पैसे शोधायच्या. हे काम त्यांना हवं म्हणजे हवंच होतं.

मग नवऱ्याला का नाही सांगितलं? तो नको म्हणेल म्हणून? छे! तो मदतीला धावेल म्हणून. वहिनींना लहानपणापासून प्रत्येक वस्तूच्या पोटात काय दडलंय याचं भारी कुतूहल. पण लग्न झाल्यापासून त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला रे घेतला, की मिस्त्री म्हणायचे, "दे इकडे, शॉक बसेल." पुढचं सगळं त्यांच्या रुंद पाठीआड घडायचं. वहिनी शिवणकाम शिकायला जातात, असं सासूबाईंनीच घरात ठोकून दिलं होतं.

दुपारी बाईंनी इस्त्रीची पिन लावली. इस्त्री मिनिटभरात अशी सणसणीत तापली की बाईंनी हात मागे घेतला.

"हिला झालंय तरी काय?"

वहिनींना काय झालंय ते लख्ख दिसलं. मिस्त्रींनी सकाळी शर्टाला इस्त्री करायला ती काढली होती, तापत नाही म्हणून दुरुस्त केली होती, आणि गुणी माणसासारखी पुन्हा त्याच फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवली होती.

"चांगल्या इस्त्रीवर मी परीक्षा कशाची घेऊ?" बाई म्हणाल्या. "केंद्र बंद व्हायच्या आत दुसरं काही घेऊन या. आणि मुद्दाम बिघडवलेलं चालायचं नाही हं, मला कळतं."

वहिनी धावत सुटल्या. पहिलं घर शिंपीणकाकूंचं.

"काकू, बिघडलेलं काही आहे का घरात?"

"अगं, काय बोलतेस! मिस्त्रीभाऊ असताना?" काकूंना अपमानच वाटला. "परवाच येऊन मशीनची मोटर बघून गेले. लोण्यासारखी चालतेय."

बेकरीवाल्याचा ओव्हन ठणठणीत. सलूनवाल्याचा ड्रायर ठणठणीत. आख्ख्या गल्लीत एक दिवा म्हणून मिणमिणत नव्हता. नवरा कामात इतका चोख असावा याचं वहिनींना आयुष्यात पहिल्यांदा रडू आलं. इकडे लोकांना चैन पडेना. मिस्त्रींच्या बायकोला बिघडलेली वस्तू कशाला हवी? शिंपीणकाकू निघाल्या मागोमाग, सलूनवाला निघाला, त्याच्याबरोबर अर्धी दाढी केलेलं गिऱ्हाईकही निघालं. मिस्त्रींच्या दुकानाशी पोचेपर्यंत ही वरात झाली होती. सासूबाई वाटेत सामील झाल्या.

मिस्त्रींचं डोकं वॉशिंग मशीनमध्ये होतं.

"अहो, एक बिघडलेली वस्तू द्या!"

"कशाला?" आतून आवाज आला.

सासूबाईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं. मिस्त्री हळूहळू बाहेर आले.

"म्हणजे मिक्सर... बेल... सगळं तू?"

"हो."

"अगं, मी घराचं आख्खं वायरिंग तपासलं! दोनदा! आणि मला सांगायचं नाही? मी दिली असती करून तुझी परीक्षा."

"म्हणूनच नाही सांगितलं," वहिनी म्हणाल्या.

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला.  मग त्यांनी वाकून टेबलाखालून एक धुळकट टेबलफॅन ओढून काढला.

"हेडमास्तरांचा. चालता चालता मध्येच बंद पडतो. गेल्या उन्हाळ्यापासून मी त्यांना पार्ट यायचाय म्हणून सांगतोय. पार्टबिर्ट काही नाही. मला कळतच नाही याला काय झालंय." आवाज त्यांनी खाली आणला होता, पण वरातीला सगळं ऐकू गेलं.

केंद्रात बाईंनी माणसांना खिडकीबाहेर थोपवलं. वहिनींनी फॅन उघडलाच नाही. पिन लावली आणि हनुवटीला हात लावून नुसत्या बघत बसल्या. खिडकीत मिस्त्रींची तगमग चालली होती.

"आई, तिला म्हणावं मोटरचा कंडेन्सर बघ..."

"गप्प बस!" सासूबाईंनी त्यांचं मनगट धरून ठेवलं.

फॅन उजवीकडे वळला, चालत राहिला. डावीकडे वळला, थांबला. वहिनींनी हाताने त्याची मान सरळ केली, लगेच सुरू. पुन्हा डावीकडे, पुन्हा बंद. म्हणजे खोड मोटरमध्ये नव्हतीच! मिस्त्री दर वेळी मोटर सोडवून टेबलावर सरळ ठेवून तपासत, तेव्हा ती बापडी कशाला बंद पडेल? वहिनींनी मानेपाशी वायर चाचपली. वरून शाबूत, आतून तुटलेली. मान वळली की आतली टोकं दूर जात. पिन काढून त्यांनी तेवढा तुकडा कापला, नवा जोडला आणि फॅन लावला. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. बाईंच्या समोरचे कागद उडाले.

"सोमवारपासून कामावर या," कागद गोळा करत बाई म्हणाल्या. खिडकीबाहेर सगळ्यांत मोठ्याने मिस्त्रींनीच टाळ्या वाजवल्या.

घरी जाताना फॅन त्यांच्याच खांद्यावर होता. "काय होतं गं त्यात?"

"दमलेय हो मी. उद्या सांगते."

"निदान मोटर की वायर, तेवढं तरी सांग!"

"उद्या." वहिनी काही तितक्या दमल्या नव्हत्या. पण इतकी वर्षं आपण पाठ बघितली, यांनाही एक रात्र कुतूहल काय असतं ते कळू दे, असं त्यांना वाटलं आणि फार गोड वाटलं.

रविवारी सकाळी सासूबाईंनी त्यांना हलवून उठवलं. "ऊठ. नवरा काय करून बसलाय बघ."

बाहेरच्या खोलीत मिस्त्री जमिनीवर बसले होते आणि त्यांच्या भोवती फॅन पसरला होता.

"नुसतं बघायचं होतं गं, तू कुठे जोडलंस ते."

"मग?"

"आत एक स्प्रिंग होती. उडाली."

तेवढ्यात बाहेरून हेडमास्तरांची खणखणीत हाक आली, "मिस्त्री! फॅन झाला म्हणे आमचा?"

मिस्त्रींनी सवयीने स्क्रू-ड्रायव्हर उचलला, क्षणभर हातात धरला आणि बायकोच्या पुढ्यात ठेवला. मग उठून दार उघडलं.

"या सर, बसा. थोडं थांबावं लागेल. तिचं काम चाललंय, आणि मध्ये कुणी हात घातलेला तिला चालत नाही."

एवढं बोलून ते ओणवे झाले आणि स्प्रिंग शोधायला पलंगाखाली शिरले.