हलेल त्याला उजेड

सरकारी इमारतीत वीज कशी वाचवावी, हे कुणी मला विचारावं! मी देखभाल विभागातला इंजिनिअर. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्यामुळे आमच्या इमारतीत सेन्सरचे दिवे बसवायची योजना आली, तेव्हा मी तिच्यावर झडपच घातली. खोलीत कुणी हललं की दिवा लागणार, थोडा वेळ कुणी हललं नाही की आपोआप विझणार. बटणाला हात लावायची गरजच नाही!

यात माझा स्वार्थही होता, लपवत नाही. योजना यशस्वी झाली तर मुख्य कार्यालयाच्या ऊर्जाबचत कक्षात माझी नेमणूक होणार होती आणि त्या जागेबरोबर लिफ्टवाल्या इमारतीत क्वार्टर मिळणार होतं. आम्ही राहायचो बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. आईचे गुडघे कामातून गेलेले. बिचारी कित्येक महिन्यांत खाली उतरली नव्हती. खिडकीतूनच भाजीवाल्याशी भांडायची आणि त्यावर समाधान मानायची. मला फार वाईट वाटायचं.

दिवे बसले. पहिल्याच दिवशी लेखा शाखेतून हेडक्लार्कबाईंचा फोन.

"साहेब, इथे मिट्ट काळोख झालाय!"

धावत गेलो. दार ढकलून आत पाऊल टाकलं, तर सगळे दिवे लख्ख! सगळी शाखा जागेवर हजर.

"दिवे तर चालू आहेत, बाई!"

"ते तुम्ही आलात म्हणून! इतका वेळ अंधारातच बसलो होतो."

मग कुठे माझी ट्यूब पेटली. ही मंडळी कामावर होती, पण हलत नव्हती! एकदा कागदावर नजर लावली की पापणीसुद्धा लवत नाही. शाखेत कुणीच नाही, असं सेन्सरला वाटलं. त्याचं तरी काय चुकलं?

"मधूनमधून जरा हात हलवत जा ना," मी म्हटलं.

"उभी हयात इथे गेली," बाई म्हणाल्या, "कधी हलायची वेळ आली नाही."

तरीही त्यांनी हात हलवायच्या पाळ्या लावल्या. त्यावरून भांडणं जुंपली. एक म्हणे, मी सीनियर, मी का हलवू? दुसरा म्हणे, काल मी एका हातानं जेवत दुसरा हलवलाय! रोज माझा फोन खणखणायचा. मग एके दिवशी तक्रारी अचानक बंद झाल्या. चला, लोकांना हलायची सवय लागली, असं म्हणत मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

अखेर पाहणीसाठी मुख्य कार्यालयातून मोठे साहेब आले. मी त्यांना मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत लेखा शाखेत नेलं.

"खोली रिकामी म्हणजे दिवे बंद. बघाच साहेब!" मी ऐटीत दार उघडलं.

आत चिटपाखरू नव्हतं आणि एकूण एक दिवा जळत होता! कपाटावर एक टेबलफॅन मान वळवत उभा होता. त्याच्या जाळीला पिवळं फडकं बांधलेलं. ते सेन्सरसमोर जोरात फडफडत होतं.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

तेवढ्यात हेडक्लार्कबाई डबा धुऊन आल्या. "तो आमच्या वतीनं हलतो, साहेब."

"आणि रात्री?"

"रात्रीही हलतो. बंद करायला स्टुलावर चढावं लागतं ना!"

"म्हणजे वीज वाचवायला लावलेले दिवे रात्रंदिवस जळतात," साहेब माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "आणि ते जळावेत म्हणून पंखाही रात्रंदिवस चालतो."

साहेब तडक लिफ्टकडे निघाले. झालं! क्वार्टर गेलं. आई जन्मभर खिडकीतच बसणार! साहेबांनी लिफ्टचं बटण दाबलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, दिव्यांचं काय घेऊन बसलात! खरी वीज खाते ती ही लिफ्ट! सगळ्या सरकारी इमारतींच्या लिफ्ट बंद करून टाका! जिने कशाला बांधलेत?"

साहेबांनी लिफ्टकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"इतकी वर्षं हे कुणालाच कसं सुचलं नाही?" ते म्हणाले आणि जिन्यानं उतरून गेले.

महिन्याभरात मला ऊर्जाबचत कक्षात नेमणूक मिळाली! सहाव्या मजल्यावरचं ऐसपैस क्वार्टरही मिळालं. मी आणि बायकोनं धरून आईला खाली उतरवलं, रिक्षात बसवलं आणि नव्या इमारतीपाशी आणलं. आई कधी नव्हे इतकी खुशीत होती. लिफ्टच्या दाराला साखळी घातलेली होती. शेजारी वॉचमन बसला होता.

"बंद आहे, साहेब. वरून ऑर्डर आलीय. सगळ्या सरकारी इमारतींना लागू. मुख्य कार्यालयात कुणी दीडशहाणा आलाय म्हणे, त्याचं डोकं!"

आईनं एकदा जिन्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"त्या मेल्याच्या आईला चढायला लावा म्हणावं सहा मजले!"

मी आईची पिशवी खांद्याला अडकवली, तिचा हात धरला आणि म्हटलं, "चल आई, हळूहळू चढू."