भय्याजींची पेशी आणि यादोरावची खाट

भय्याजींची पेशी असली की यादोरावची खाट जप्त व्हायची. पेशी भंडाऱ्याच्या कोर्टात, भय्याजी पवनीचे, आणि त्यांचा पुतण्या टेकचंद कॉलेजच्या वसतिगृहात यादोरावचा खोलीसोबती. एवढं जुळून आल्यावर यादोरावच्या वाट्याला जमिनीवरची सतरंजी आपोआपच येई. जिल्ह्याच्या गावी पोरगा शिकायला ठेवला, की कोर्ट, कचेरी आणि दवाखाना या तिन्हींसाठी आपली एक खोली झाली, असा त्या भागात सर्वमान्य समज होता. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालीही तो चांगला शाबूत होता.

भय्याजी स्वतःच्या पुतण्याच्या खाटेवर का झोपत नसत? "तिकडं खिडकी नाही ना, बाबू," ते सांगत. "मले हवा लागते." डोक्याला चपचपीत तेल थापून ते यादोरावच्या उशीवर टेकत आणि भिंतीच्या दाव्याबद्दल बोलू लागत. त्यांच्या आणि चुलत भावाच्या अंगणांच्या मध्ये एक भिंत होती. दावा इतका लांबला, की मध्येच एका पावसाळ्यात भिंत पडली. दावा मात्र उभा होता. न्यायाधीश अधूनमधून तडजोड सुचवत. तो शब्द कानावर पडला की भय्याजींना ठसका लागे.

यादोराव सानगडीचा. त्याचे वडील आजवर एकदाही खोलीवर आले नव्हते, कारण त्यांचं कोणाशी भांडण नव्हतं आणि प्रकृती ठणठणीत होती. अशा निरुपद्रवी माणसाच्या पोटी जन्मल्याची शिक्षा आपण भोगतो आहोत, या विचाराने यादोरावचं डोकं सतरंजीवर तापत असे.

अशात रेक्टर कृष्णराव सर पुण्याचं एक शिबिर करून परतले. नियम वरून लादायचे नाहीत, मुलांनीच बसून आपला सहजीवन करार करायचा, असं ते शिकून आले होते. रविवारी मेसमध्ये सभा भरली. सर काही बोलायच्या आत यादोराव उठला.

"पाहुण्यानं दुसऱ्याच्या खाटेवर झोपू नये! हे पहिलं कलम लिवा, सर!"

टाळ्या पडल्या, ताटं वाजली. प्रत्येकाला दुसऱ्याचा पाहुणा डोळ्यांसमोर दिसत होता.

"पण बाप पाहुण्यात येत नाही," कारध्याचा नंदलाल म्हणाला. कारधा म्हणजे नदीच्या पलीकडे. त्याचे वडील नुसते दुपारच्या झोपेलासुद्धा खोलीवर येत.

"मामा बी नाही येत!" मागून आवाज आला. "मामा त बापाहून मोठा!"

"आन सासरा?" नुकतंच लग्न झालेल्या एकाने विचारलं. "त्याले नाही म्हटलं त मले घरात कोण घेते?"

अर्ध्या तासात अख्ख्या जिल्ह्यात कोणीच पाहुणा उरला नाही. सर घामाघूम झाले. "अरे, आधी पाहुण्याची व्याख्या करा!"

"माहे काका खोलीतच आहेत, सर," टेकचंद म्हणाला. "उद्या पेशी आहे त्यायची. सारी जिंदगी कोर्टात गेली. बोलावू का?"

"त्यायलेच? अरे, ज्याच्यासाठी कलम आहे, त्यालेच?" यादोराव ओरडला. पण भय्याजी यादोरावच्याच टॉवेलने मान पुसत दारात हजर झाले होते.

"लिवा," खुर्ची ओढून ते म्हणाले. "पाहुणा म्हणजे, ज्याचं त्या खोलीत कोणीच नाही, तो."

"कोणीच नाही त तो येईल कायले?" यादोरावने विचारलं.

"येणारच नाही. म्हणून त त्याले सक्त मनाई करा!"

सभेला हे फार पटलं.

"आता कलम दुसरं. खोलीसोबती एकाच घरचे समजावे. टेकचंद माहा पुतण्या, त यादोराव बी माहा पुतण्या. पुतण्याच्या खाटेवर काका झोपला, त गुन्हा कोणता होते?"

कृष्णराव सरांचे डोळे पाणावले. "हेच ते सहजीवन!" ते म्हणाले. करार एक सोडून सर्वांच्या मताने मंजूर झाला. पंच म्हणून खाली भय्याजींनी ऐटीत सही ठोकली आणि पेन पुढे केलं. "कर सही, पुतण्या." यादोरावने इतक्या रागात सही केली, की निब वाकली.

त्या रात्री तो सतरंजीवर तळमळत दुसरं कलम मनात घोळवत राहिला. एकाच घरचे काय? बरं.

पुढच्या पेशीला भय्याजी पवनीच्या एस.टी.तून भंडाऱ्याला उतरले, आणि परतीला निघालेल्या त्याच गाडीत यादोराव चढला.

"काकू, मी यादोराव. तुमचा पुतण्या," पवनीच्या घरी दारात उभं राहून त्याने सांगितलं.

भय्याजींच्या पत्नी गोदावरीबाईंनी त्याला खालून वर पाहिलं. "कोन्या घरचा?"

"याच." मग त्याने ओट्यावर बसून करार, खाट, खिडकी आणि तेलकट उशी, सगळं सांगितलं. गोदावरीबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि त्यांनी पाटवडीच्या रश्श्याचं पातेलं चुलीवर चढवलं. भिंतीबद्दल न बोलणारा पुरुष त्या घरात बऱ्याच वर्षांनी जेवत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भय्याजी घरी आले, तर अंगणातल्या त्यांच्या खाटेवर यादोराव आडवा. भिंत पडली होती तिकडून झकास वारं येत होतं.

"हे का होय? उठ! खाट माही आहे!"

"एकाच घरचे ना आपण, काकाजी? कलम दुसरं."

"अरे, यष्टीनं हाडं खिळखिळी झाली माही!"

"खाली सतरंजी आथरून ठेवली आहे. मीच आथरली. मले सवय आहे ना."

"आता तूच सांग याले!" भय्याजी घराकडे पाहून गरजले.

"मी का सांगू?" गोदावरीबाई आतून म्हणाल्या. "सही तुमचीच हाय म्हणते. मंग झोपा चुपचाप खाली."

भय्याजी सतरंजीवर टेकले. या कुशीवर वळले, त्या कुशीवर वळले, उठून बसले. खाटेकडे पाहिलं. मग इतकी वर्षं एकाही न्यायाधीशाला त्यांच्या तोंडून काढता आला नव्हता, तो शब्द त्यांनी काढला.

"तडजोड करतो का, बाबू?"

यादोरावने वाऱ्याच्या बाजूला कूस बदलली.

"पुढची तारीख घ्या, काकाजी."