गोदावरी वनचं थेट प्रक्षेपण

"उद्या जगाला कळंल! कॉम्प्युटर काय फक्त अमेरिकेतच बनत नव्हते. वाटूरलाबी बनत व्हते!"

काकासाहेबांनी ही घोषणा वाटूर फाट्यावरच्या हॉटेलात केली, तेव्हा तिथं बसलेल्या एकानं मान वर करून विचारलं, "मंठ्याची गाडी गेली का हो?"

पण काकासाहेब असल्या गोष्टींनी खचणारे नव्हते. तीसेक वर्षांपूर्वी त्यांनी याच फाट्यावर 'गोदावरी कॉम्प्युटर' नावाची कंपनी काढली होती. सुटे भाग सिकंदराबादहून रेल्वेनं परतूरला आणायचे, तिथून जीपनं वाटूरला, आणि इथं जोडून आपल्या नावानं विकायचे. स्वतःचा पर्सनल कॉम्प्युटर बनवणारी मराठवाड्यातली ही पहिली कंपनी, असा काकासाहेबांचा दावा होता. तो आजवर कोणी खोडून काढला नव्हता. खरं सांगायचं तर आजवर कोणी चौकशीच केली नव्हती!

ती आता जालन्याच्या रेणुकानं केली. ही मुलगी मोबाईलवर स्वतःचं चॅनल चालवायची, जुन्या, विसरलेल्या कंपन्यांच्या आतल्या गोष्टी लोकांना सांगायची. तिचा फोन आला, "काका, मला दोनच गोष्टी लागतील. कंपनीचे संस्थापक आणि पहिलं मशीन."

संस्थापक तयारच होते. दाढी करून, मिशीला काळा रंग लावून आदल्या दिवसापासूनच तयार होते. राहिलं मशीन.

हे पहिलं मशीन म्हणजे 'गोदावरी वन'. त्याची पेटी धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्या संपतकडून जाड पत्र्यात ठोकून घेतलेली. संपतनं आयुष्यभर कोठ्याच केलेल्या, त्यामुळे कॉम्प्युटरलाही त्यानं सवयीनं वरून झाकण आणि झाकणाला कडी लावून दिली होती. आतलं सामान कधीच गंजून भंगारात गेलं होतं, पण झाकण उघडायचं होतं कुणाला? वर जुना टीव्ही ठेवायचा, पुढं कीबोर्ड मांडायचा, शेजारी बसून रुबाबात बोलायचं, असा काकासाहेबांचा बेत होता.

सकाळी ते मागच्या शेडकडं निघाले, तर बायकोनं, आसराबाईंनी, दारातच अडवलं.

"तिकडं जाऊ नका. तांबडी बसलीया."

"कुठं?"

"तुमच्या कंपनीत."

काकासाहेबांनी झाकण किलकिलं करून पाहिलं. आत भुशावर आसराबाईंची लाडकी तांबडी कोंबडी पंख पसरून बसली होती, आणि एखाद्या मॅनेजरनं बिनकामाच्या माणसाकडं बघावं तशी त्यांच्याकडं बघत होती.

"उठव तिला! दहा वाजता बाई येऊन राह्यली!"

"बिलकुल न्हाई! आज-उद्या पिल्लं निघतेत. आत्ता उठवली तर सगळी अंडी वाया जातील."

"अगं, हा इतिहास हाये!"

"असू द्या. तुमचा इतिहास काय अंडी देतोय का?"

शेवटी तडजोड झाली. पेटी हलवायची, कोंबडी हलवायची नाही! पण संपतचा पत्रा असा दणकट, की पेटी एकट्याच्यानं इंचभर सरकेना. आसराबाईंनी फोन उचलला आणि परतूरला लावला. "अप्पा, जल्दी ये. दाजींना हात द्यायचा हाये."

काकासाहेबांचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा झाला. अप्पाराव म्हणजे आसराबाईंचा धाकटा भाऊ आणि गोदावरी कॉम्प्युटरमधला काकासाहेबांचा भागीदार. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत त्याचा हात धरणारा परतुरात कोणी नव्हता. मेहुण्या-दाजीचं तसं छान होतं. लग्नकार्यात एकमेकांना आग्रह करकरून जिलेबी वाढायचे. पण कोणी चुकून 'संस्थापक' हा शब्द काढला, की दोघंही पानावरून उठायचे.

अप्पाराव आला तो कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खिशाला पेन लावून!

"वजन उचलायला आलास का लग्नाला आलास?" काकासाहेबांनी विचारलं.

"तुमाला हात द्यायलाच आलो, दाजी. आता फोटोत आलोच तर काय करणार?"

दोघांनी पेटी उचलली. आजाऱ्याला खाटेवरून दवाखान्यात न्यावं तशी, श्वास रोखून. आतून प्रत्येक पावलाला "कुक्" असा इशारा येत होता आणि मागून आसराबाई, "हळू! हळू!" ओसरीवर पेटी टेकली आणि तेवढ्यात रेणुकाची स्कूटी अंगणात शिरली.

काकासाहेबांनी घाईघाईनं पेटीवर टीव्ही ठेवला, पुढं कीबोर्ड मांडला, तोवर तिनं भराभर तिपाईवर मोबाईल लावला. "काका, मी रेकॉर्डिंग करत नाही. थेट लाईव्ह जाऊ या, लोक लगेच बघतात."

"म्हंजे मधी काही कापता येत न्हाई?" काकासाहेबांचा आवाज एकदम बारीक झाला.

"काहीच नाही! चला, सुरू!"

काकासाहेब पेटीच्या उजव्या बाजूच्या खुर्चीवर बसले. डाव्या बाजूला अप्पाराव आपली खुर्ची स्वतःच घेऊन येऊन बसला.

"काका, कंपनीची सुरुवात कशी झाली?"

"माझ्या मनात एक दिवशी विचार आला—"

"विचार दाजींच्या मनात आला," अप्पाराव म्हणाला, "मंग मशीन माझ्या हातून झालं."

"कुक्," पेटी म्हणाली.

रेणुका दचकली. "हा आवाज कसला?"

"हार्ड डिस्क," काकासाहेब म्हणाले. "जुनी हाये. करती कधीमधी."

"पण वायर तर लावलेलीच नाही!"

"तव्हाचा माल पक्का व्हता, बाई," अप्पारावनं सांभाळून घेतलं. काहीही झालं तरी कंपनीची अब्रू होती!

रेणुकानं कौतुकानं पेटीवर हात ठेवला. "अय्या, गरम लागतंय!"

"बघा!" काकासाहेब मोबाईलकडं बघून म्हणाले. "पंचवीस वर्षं झाली बंद करून!"

पुढं मुलाखत रंगली. कंपनीच्या आतल्या गोष्टी निघू लागल्या आणि तिथंच घात झाला. काकासाहेबांनी सांगितलं, की पहिलं मशीन परतूरच्या एका जिनिंगवाल्या शेठजींनी बघताक्षणी पसंत केलं. अप्पारावनं जोडलं, की पसंत केलं, पण हात लावला तेव्हा शेठजी गादीवरून उडून कापसाच्या ढिगात पडले, आणि मशीन त्याच संध्याकाळी वाटूरला परत आलं. कारण दाजींनी अर्थिंग दिलं नव्हतं.

"अर्थिंग द्यायचं तुझ्याकडं व्हतं!"

"मी सांगून गेल्तो, दाजी! तुमी म्हणले, अर्थिंगचा खर्चा कामून करायचा, लाकडाचा पाट देऊ!"

"पाट?" रेणुकानं विचारलं.

"आमच्या प्रत्येक मशीनसंगं पाट फुकट व्हता," अप्पाराव म्हणाला. "पाय वर घेऊन बसायचं न् टाईप करायचं. तव्हा बाकीचे लोक चप्पल बाहेर काढून कॉम्प्युटरच्या खोलीत जायचे. आमच्याकडं पाटी व्हती, 'चप्पल घातल्याशिवाय आत येऊ नये!'"

रेणुका पोट धरून हसायला लागली. मोबाईलवर हसरे चेहरे फुग्यांसारखे वर चढू लागले. काकासाहेबांचे कान लाल झाले. जगाला इतिहास सांगायला बसलेला माणूस, आणि जग हसतंय!

"ते जाऊ द्या," ते खेकसले. "संस्थापक कोण, ते इचारा!"

"हो, खरंच. संस्थापक कोण?"

"मी!" दोघंही एकदम म्हणाले.

"मदरबोर्ड कोणी आणला?" अप्पाराव उभा राहिला. "सिकंदराबादपासून परतूरपर्यंत मांडीवर घेऊन आलो! लेकरावानी! गाडीत एक बाई मला म्हणली, भाऊ, झोपलं का बाळ?"

"आणला असशील! बसवला कोणी? मी बसवला! या हातांनी!" काकासाहेबही उभे राहिले. आता त्यांना ना तांबडी आठवत होती, ना बायको. त्यांनी खाडकन कडी काढली. टीव्ही कलंडला, तो अप्पारावनं कसाबसा कुशीत झेलला. काकासाहेबांनी झाकण उघडलं आणि मोबाईलकडं बघत, छाती फुगवून गर्जना केली, "ही बघा, गोदावरी वन! मराठवाड्यात पहिली! या माझ्या हातांनी तयार केलेली!"

गोदावरी वन फडफडत बाहेर आली. आधी कीबोर्डवर उतरली, मग अप्पारावच्या कडक इस्त्रीच्या खांद्यावर, आणि तिथून तिनं सरळ तिपाईवर झेप घेतली. तिपाई आडवी! मोबाईल पायरीवरून खाली! कोंबडी अंगणात, रेणुका मोबाईलमागं, आणि घरातून लाटणं घेतलेल्या आसराबाई!

"अंडी! अंडी गार पडतील!" त्या ओरडल्या. "तोंडं काय बघून राह्यले? धरा हातात! दोघंबी!"

आणि अर्ध्या मिनिटात गोदावरी कॉम्प्युटरचे दोन्ही संस्थापक ओसरीवर मांडी घालून, ओंजळीत अंडी घेऊन, गुपचूप बसले. आसराबाई "आ आ आ" करत तांबडीच्या मागं गोठ्याकडं पळाल्या.

एवढ्यात काकासाहेबांच्या ओंजळीत काहीतरी हललं. टिक. अंड्याला बारीक तडा गेला. मग पुन्हा टिक.

"अप्पा," ते कुजबुजले, "निघून राह्यलं रे."

"हलू नका, दाजी. बराबर धरा."

दोघांची डोकी एकमेकांना टेकली. कवच फुटलं, आणि ओलंचिंब, भांबावलेलं एक पिल्लू काकासाहेबांच्या तळव्यावर येऊन पडलं. काकासाहेबांनी आ वासला.

"दाजी, पडद्यावर पहिलं अक्षर उमटलं, तव्हाबी तुमी असंच तोंड केल्तं," अप्पाराव म्हणाला.

"कोणतं अक्षर व्हतं रे?"

"इंग्रजीतला ए. मी म्हणलो, अप्पारावचा ए."

"मी म्हणलो, आसराबाईचा."

दोघंही हसले. आणि मग काकासाहेब मोठ्यानं म्हणाले, "रेणुकाबाई, लिहून घ्या. ही कंपनी दोघांनी काढली. अप्पा नसता तर माझ्या हातून साधा बल्ब लागला नसता." अप्पारावच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हात अंड्यांनी भरलेले, त्यामुळं पुसता येईना. काकासाहेबांनी आपल्या धोतराचा सोगा कोपरानं त्याच्याकडं ढकलला.

रेणुका अंगणातून मोबाईल पुसत आली. काच तडकली होती. "काका, सॉरी हं. पडला तेव्हाच लाईव्ह बंद झालं. तुमचं शेवटचं काहीच गेलं नाही."

"मंग शेवटी काय गेलं?"

"'या माझ्या हातांनी तयार केलेली,' इथपर्यंत. आणि कोंबडी."

संध्याकाळपर्यंत तेवढाच तुकडा गावोगाव पोचला. खाली रेणुकानं आधीच काकासाहेबांचा नंबर देऊन ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पाराव परतूरला गेला आणि काकासाहेब ओसरीवर चहा घेत बसले, तोच फोन वाजला.

"नमस्कार! गोदावरी वनवाले काकासाहेब का? शहागडहून बोलून राह्यलो."

काकासाहेबांनी कप खाली ठेवला, मिशी पुसली. "बोला! इतिहासाबद्दल काही इचारायचंय का?"

"न्हाई, पिल्लं पाहिजे व्हती. तुमचा व्हिडिओ पाहिला. मराठवाड्यात पहिली जात, तुमी स्वतः तयार केलेली म्हणे. तब्येत लई चांगली हाये!"

"अहो, तो कॉम्प्युटर हाये! गोदावरी वन हे कॉम्प्युटरचं नाव हाये!"

"हां हां, आता समद्यालाच कॉम्प्युटरची नावं देतेत. बराबर हाये. पण अंडी किती देती?"

काकासाहेबांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. आसराबाई आत भाकरी थापत होत्या. ऐकणारं कोणी नव्हतं.

"दिवसाआड एक," ते हळूच म्हणाले.