सुईला कुंकू

"सुईला कुंकू कुणी लावलं?" निवृत्त सुभेदार जोतिबा एवढ्या जोरात ओरडले की सून संयोगिता कणकेच्या हातांनीच बाहेर आली.

"मी लावलं," त्यांच्या पत्नी बनुबाई म्हणाल्या. "नवी वस्तू आली की पूजा नको? ट्रॅक्टरला लावलं, मिक्सरला लावलं, तवा न्हाई वराडलात! बानं हात धरून दिलं म्हणून तुमच्या पदरात पडले, न्हाईतर..."

हे वाक्य जोतिबा पन्नास वर्षं ऐकत आले होते. आणि आष्ट्याच्या या घरात महिनाभर खटपट करून नवा रेकॉर्ड प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर आणले ते कुणासाठी? बनुबाईंसाठीच की! त्यांचे वडील कुंडलचे शाहीर. त्यांच्या पोवाड्याची एकच रेकॉर्ड उरली होती, आणि जुन्या यंत्रावर ती नुसती खरखरायची. बाचा आवाज एकदा धड ऐकायचा, एवढंच बनुबाईंचं मागणं होतं.

"रेकॉर्डला तर न्हाई ना लावलंस?"

बनुबाईंनी ती पाठीमागून पुढं केली. रेकॉर्डवर हळदी-कुंकवाची पाच बोटं ओढलेली, वर अक्षता.

जोतिबा मटकन बसले. "संपलं! सासरा गेला."

"त्येला तीस वर्सं झाली," बनुबाई म्हणाल्या, पण लगेच रेकॉर्डवर वाकल्या. "आवं, बाचा आवाज खरंच गेला का वो?"

संयोगितानं दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "चोळू नका, कुंकू रेघांत बसेल. आधी मऊ ब्रशनं झाडा, मग इन्व्हर्टरमध्ये घालतात त्या पाण्यानं अलगद पुसा." तासभर घरात कुणी मोठ्यानं श्वाससुद्धा घेतला नाही. जोतिबांनी रायफलसुद्धा कधी एवढ्या जपून साफ केली नव्हती.

शेवटी सुई टेकली. काहीच नाही. बनुबाईंनी पदर तोंडाशी धरला. आणि डफ कडाडला! शाहीर समोर उभे राहून गात असल्यासारखं वाटलं. बनुबाई ढसाढसा रडल्या.

पोवाडा संपला. एरवी इथून पुढं नुसती खरखर असायची. आज शाहिरांचा हळू आवाज आला. ते कुणाला तरी सांगत होते, "त्यो फौजी मला पसंत न्हाई गड्या. पर बनू हटून बसलीया. करीन तर त्यालाच म्हनती."

संयोगितानं तोंड फिरवलं. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते. जोतिबांनी सावकाश मिशीवरून हात फिरवला.

"पुन्यांदा लावू का?"

बनुबाईंनी डोळे पुसले आणि कुंकवाची वाटी जवळ ओढली.

"थांबा. तेवढ्या जागंवर जरा लावते."